पोटाच्या भिंतीचे जुने दुखणे : इंजेक्शनांचा तुलनात्मक विचार

बाह्यरुग्ण विभागात पोटदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्यांत काही रुग्ण असे असतात की, त्यांच्या पिशवीत औषधांपेक्षा कागदच अधिक निघतात. सोनोग्राफीचे दोन-तीन अहवाल, दुर्बिणीची तपासणी, मांडव्याहून लाँचने मुंबईस जाऊन केलेला सी.टी. स्कॅन, आणि सर्वांवर शेरा एकच : दोष आढळला नाही. दुखणे मात्र जिथल्या तिथे. मग घरची माणसेही ‘मनाचे असेल’ असे म्हणू लागतात. अशा दुखण्याच्या एका प्रकाराची व त्यावर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांची माहिती सभासद, देणगीदार व हितचिंतक यांना व्हावी, या हेतूने हे टिपण अहवालात समाविष्ट केले आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. त्यामुळे वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांकडून समजावून घेतला आहे. हिशेबाचा भाग आमचा.

पोट दुखते म्हणजे पोटातील एखादा अवयव दुखतो, असे आपण गृहीत धरतो. परंतु पोटाला भिंतही आहे. पाठीच्या कण्यापासून निघालेल्या मज्जातंतूंच्या शाखा बरगड्यांच्या रेषेने पुढे येतात आणि पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूच्या कडेजवळ जवळजवळ काटकोनात वळून एका अरुंद छिद्रातून त्वचेकडे जातात. तेथे तंतू आवळला गेला की एका ठरावीक जागी टोचल्यासारखी वेदना सुरू होते. रुग्ण ती जागा एका बोटाने दाखवितो. आतड्याच्या दुखण्यात तळहात पोटावर फिरतो. १९७२ साली अमेरिकन डॉक्टर ॲपलगेट यांनी या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. नेदरलँड्समधील एका रुग्णालयाच्या पाहणीत, पोटदुखीमुळे तातडीच्या विभागात आलेल्या शंभरांपैकी सुमारे दोघांना हाच विकार असल्याचे दिसले.

निदानाची युक्ती त्याहूनही जुनी, १९२६ सालची. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक कार्नेट यांनी सुचविले की, रुग्णास उताणे निजवून दुखऱ्या जागेवर बोट दाबून ठेवावे व त्यास डोके आणि खांदे उचलावयास सांगावे. स्नायू ताठ झाल्यावर वेदना कमी झाली तर दोष आत आहे. तेवढीच राहिली वा वाढली तर बहुधा भिंतीत. या तपासणीस यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि पावती फाडावी लागत नाही. (अर्थात हर्निया किंवा सिझेरियनच्या व्रणातील गाठही अशीच दुखू शकते, म्हणून ही तपासणी घरच्या घरी करून निष्कर्ष काढण्याची नव्हे.)

निदान झाल्यावर त्या नेमक्या जागी बधिर करणारे औषध, म्हणजे लिग्नोकेन, टोचतात. येथे एक शंका रास्त आहे : सुई टोचली म्हणूनच रुग्णास बरे वाटत नसेल कशावरून? नेदरलँड्समधील वेल्डहोवेन येथील डॉक्टरांनी ही शंका कसोटीला लावली. त्यांनी ४८ रुग्णांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले. २४ जणांना लिग्नोकेन दिले, २४ जणांना नुसते सलाइन. कोणास काय दिले हे रुग्णास वा डॉक्टरांस ठाऊक नव्हते. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, थोड्याच वेळात लक्षणीय आराम पडलेले रुग्ण लिग्नोकेनच्या गटात १३, तर सलाइनच्या गटात ४ होते. त्या चौघांची संख्या दुर्लक्षिण्याजोगी नाही. सुईच्या विश्वासालाही काही गुण असतो. पण १३ आणि ४ यांतील अंतर औषधाचे आहे.

हा आराम किती टिकतो, हा खरा प्रश्न. काहींचा काही तासांतच ओसरतो, आणि एका इंजेक्शनाने काम क्वचितच भागते. काही आठवड्यांच्या अंतराने ते पुन्हा द्यावे लागते. त्याच डॉक्टरांच्या १३९ रुग्णांच्या पूर्वीच्या नोंदीत केवळ इंजेक्शनांवर कायमचा आराम मिळालेले सुमारे एक तृतीयांश होते. म्हणूनच अनेक ठिकाणी लिग्नोकेनमध्ये स्टिरॉइड मिसळण्याची पद्धत रूढ झाली. सूज उतरेल व गुण अधिक टिकेल, असा त्यामागील तर्क. तर्क पटण्याजोगा आहे. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, १३६ रुग्णांवरील तुलनेत नुसते लिग्नोकेन आणि मेथिलप्रेडनिसोलोन मिसळलेले लिग्नोकेन यांच्या गुणात बारा आठवड्यांनंतर उल्लेखनीय फरक आढळला नाही.

आमच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. स्टिरॉइडची किंमत हा त्यातील लहान भाग. मोठा भाग असा की, स्टिरॉइडमुळे मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस वाढते, आणि एकाच जागी वारंवार दिल्यास त्वचेखालची चरबी झिजून खळगा पडू शकतो. आमच्याकडे येणाऱ्या वयस्क रुग्णांत मधुमेही थोडे नाहीत. ज्या वस्तूने जमेच्या बाजूस भर पडत नाही आणि खर्चाच्या बाजूस पडते, ती सरसकट वापरण्याचे कारण दिसत नाही. ‘भारी इंजेक्शन द्या’ असा आग्रह रुग्ण व नातेवाईक धरतात, तेव्हा हे त्यांना शांतपणे सांगावे लागते.

इंजेक्शनांनी भागले नाही तर आवळलेला तंतू कापण्याची लहान शस्त्रक्रिया आहे. तिचीही खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना झालेली आहे : ४४ रुग्णांपैकी तंतू कापलेल्या २२ जणांत १६ जणांना गुण आला, तर केवळ छेद घेतलेल्या २२ जणांत ४ जणांना. कापलेल्या जागेभोवती बधिरता राहू शकते, आणि काहींचे दुखणे परतते, हे आधी सांगितलेले बरे.

ताप, वारंवार उलट्या, शौचावाटे रक्त, वजनात घट किंवा एकाएकी उठलेली तीव्र कळ असल्यास वरील सर्व विचार बाजूस ठेवून आतील रोगाचा शोध प्रथम घ्यावयाचा असतो. इतर जुन्या दुखण्याच्या रुग्णांनी येताना पूर्वीचे सर्व अहवाल आणावेत, दुखरी जागा पेनाने खूण करून यावे, आणि मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी किंवा दात काढताना बधिरतेच्या इंजेक्शनाने झालेला त्रास यांपैकी काही असल्यास केसपेपर काढतानाच सांगावे.