सनदी शाळा आणि देखरेखीची नजर

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९९१ साली सनदी शाळांचा कायदा केला. सरकारी पैसा, मोफत प्रवेश आणि शिकवण्याचे स्वातंत्र्य शाळेला मिळते. मोबदल्यात तिला देखरेख संस्थेशी करार करावा लागतो. कामगिरी उणी पडली तर करार संपतो, शाळाही बंद होते.

या मुभेतून ह्मोंग व सोमाली समाजांच्या मुलांसाठी शाळा उभ्या राहिल्या. मुलाची घरची भाषा जिथे लाजेची बाब ठरत नाही, अशा शाळेचे मोल आम्ही शिक्षक जाणतो. मात्र देखरेख करणारे निकाल आणि हिशेब बारकाईने पाहतात. वर्गात कोण कोणाशेजारी बसते, हे त्यांच्या तपासणीत येतेच असे नाही. राज्याच्या वंशीय विलगीकरणविरोधी नियमांतूनही या शाळा वगळल्या गेल्या.

२०१५ साली काही पालकांनी राज्याविरुद्ध दावा लावला. काही सनदी शाळाही आपली बाजू मांडण्यासाठी त्यात सामील झाल्या. स्वतः निवडलेले वेगळेपण आणि नाइलाजाने पत्करलेले वेगळेपण यांना एकाच मापाने मोजणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पण हा भेद पारखायचा कोणी? पुरेशा शिक्षणाच्या घटनात्मक हक्काचा हा प्रश्न न्यायालये ऐकू शकतात, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला.