आडनावापलीकडचा वारसा

एकाच घरातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या ऐन उमेदीत हृदयविकाराच्या झटक्याने जातात, तेव्हा त्याचे कारण बहुधा नशिबात, तंबाखूत, कामाच्या ताणात किंवा घराण्याला लागलेल्या शापात शोधले जाते. या सगळ्यांच्या मुळाशी जन्मापासून रक्तात वाढलेले कोलेस्टेरॉल हे एकच, साध्या रक्ततपासणीत मोजता येणारे कारण असू शकते, ही शक्यता मात्र तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत कोणाच्या मनातही येत नाही. वैद्यकात या विकाराला ‘फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया’, म्हणजे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल, असे नाव असून डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘एफएच’ या आद्याक्षरांनी येतो. जगात साधारणपणे तीनशे माणसांमागे एकाला तो असतो, आणि उपचार झाले नाहीत तर अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत व स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्क्यांना साठीच्या आत हृदयविकार गाठतो. एवढा सर्रास आढळणारा आणि ज्याचे परिणाम एवढे टाळता येण्याजोगे आहेत असा दुसरा आनुवंशिक विकार सहसा सापडत नाही. तरीही तो असणाऱ्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे ठाऊक नसते.

एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर या कणांना धरून आत ओढून घेणारी प्रथिने असतात, त्यांना एलडीएल रिसेप्टर म्हणतात. अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी या विकाराच्या रुग्णांच्या त्वचेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून हा रिसेप्टर शोधून काढला आणि एफएचमध्ये नेमका तोच अपुरा किंवा निकामी असतो हे दाखवून दिले. त्याबद्दल १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रिसेप्टर कमी पडले की एलडीएल रक्तातच फिरत राहते आणि रोहिणीच्या भिंतीत साचत जाते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की चाळिशीत कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांनी काही वर्षांचा भार सोसलेला असतो, तर एफएच असलेल्याच्या रक्तवाहिन्यांनी चाळीसच्या चाळीस वर्षांचा. म्हणूनच व्यसन नसलेला, अंगाने सडपातळ, गळ्यात तुळशीची माळ घालून आयुष्यभर शाकाहार पाळणारा माणूसही हृदयविकाराच्या झटक्यातून सुटतोच असे नाही.

हा विकार घराण्यात कसा उतरतो याचे पहिले नीट वर्णन ऑस्लो येथील डॉ. कार्ल म्यूलर यांनी १९३८ च्या सुमारास केले. वाढलेले कोलेस्टेरॉल, स्नायुबंधांवरील पिवळट गाठी आणि छातीत दुखणे ही त्रयी त्यांना १७ कुटुंबांत एकत्र आढळली. प्रत्येक व्यक्तीत संबंधित जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. त्यांपैकी एक सदोष असली तरी विकार प्रकट होतो, आणि बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. प्रत्येक अपत्यासाठी हा हिशेब नव्याने मांडला जातो, त्यामुळे चारही मुले बाधित निघालेली घरे आढळतात तशी चारही मोकळी सुटलेलीही आढळतात.

पश्चिम महाराष्ट्रातील एका शेतकरी कुटुंबाचा वृत्तान्त या दृष्टीने बोलका आहे. पणजोबा पंचेचाळिशीच्या आत शेताच्या बांधावर कोसळले आणि तो उन्हाचा तडाखा मानला गेला. त्यांच्या तीन मुलांपैकी एक एसटी स्टँडवर गेला आणि दोष तंबाखूला मिळाला, दुसरा झोपेतच गेला आणि त्याबद्दल कोणी काही बोललेच नाही. तिसरा मुलगा ऐंशी ओलांडून जगला व तोच पुढे ‘आमच्या कुळात तसे काही नाही’ याचा जिवंत पुरावा ठरला. वस्तुतः निम्म्या शक्यतेच्या हिशेबात असा एखादा दीर्घायुषी असणे स्वाभाविकच, पण घरच्यांनी त्याचा अर्थ नेमका उलटा लावला. झोपेत गेलेल्याचा मुलगा शिक्षक झाला. त्याला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे बारीक नळीतून अरुंद रक्तवाहिनी रुंद करून आत स्टेंट ही धातूची जाळी बसवण्यात आली, आणि ‘ब्लॉकेज काढले’ या शब्दांत कुटुंबाने प्रकरण मिटवले. त्याच्या सात वर्षे आधी विम्यासाठी केलेल्या तपासणीचा कागद पुढे कपाटातील प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सापडला. त्यावर एलडीएल २२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे छापलेले होते, शेजारी जास्त असल्याची खूण होती, आणि सल्ला काय मिळाला होता, तर तेलकट कमी खा.

या सल्ल्याने झालेले नुकसान दुहेरी होते. प्रौढ माणसाचे एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल तर एफएचचा संशय घेऊन पुढचा शोध घ्यायचा असतो, आणि थायरॉइडची मंदगती, मूत्रपिंडाचा विकार किंवा पित्तमार्गातील अडथळा ही इतर कारणे वगळायची असतात. तो शोध झाला नाही. दुसरे असे की पथ्याने एफएचमधील एलडीएल थोडेच उतरते, त्यामुळे आकडा हलला नाही तेव्हा ठपका स्वयंपाकघरावर, म्हणजे पत्नीच्या फोडणीवर, आला. आहाराला महत्त्व नाही असे नव्हे, धूम्रपान तर विषासमान आहे, परंतु रिसेप्टरची उणीव लसणाच्या पाकळीने किंवा अर्जुनसालीच्या काढ्याने भरून निघत नाही.

शरीरावरील खुणांचेही असेच झाले होते. टाचेमागील जाड स्नायुबंध, ज्याला अकिलिस टेंडन म्हणतात, त्यात कोलेस्टेरॉल साचून तो बोटाच्या चिमटीत धरल्यास दोरखंडासारखा जाड व खडबडीत लागतो. हाताच्या मुठीवरील सांध्यांपाशीही तशाच टणक गाठी येतात आणि बोटे हलवली की त्या कातडीखाली सरकतात. बुबुळाभोवती पांढरट कडे दिसू लागते, जे म्हातारपणी सर्वसाधारण असले तरी पंचेचाळिशीच्या आत दिसल्यास सूचक ठरते. शिक्षकाच्या मुठीवरील गाठी खडूफळ्याच्या कामाने आल्या असे मानले गेले, आणि त्याच्या आत्याच्या डोळ्यांतील कडे मोतीबिंदूच्या खाती जमा झाले. अर्थात अशा खुणा नसल्या म्हणजे विकार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. लहान वयात त्या बहुधा नसतातच.

मराठी घरात वारशाचा विचार आडनावाने केला जातो, ही या विकाराच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी सवय होय. केसपेपरवर ‘घरात कोणाला हार्टचा त्रास?’ असे विचारले की पुरुष वडिलांकडील काका-चुलत्यांची नावे सांगतो, आणि लग्न झालेली स्त्री पुष्कळदा सासरच्या मंडळींचीच माहिती पुरवते, ज्यांच्याशी तिच्या रक्ताचा सहसा काही संबंध नसतो. शिक्षकाच्या अँजिओप्लास्टीनंतर सगळे भाऊबंद दवाखान्यात येऊन गेले. सांगली जिल्ह्यात दिलेली सख्खी बहीणही डबा घेऊन चार दिवस राहिली, पण तिचे रक्त तपासावे हे ना डॉक्टरांनी सुचवले ना घरच्यांना सुचले. तिला एक्कावन्नाव्या वर्षी जबडा व पाठ दुखून घाम फुटला, तेव्हा पित्त म्हणून गोळ्या देण्यात आल्या आणि खरे निदान होईपर्यंत हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी झाला. ती वाचली, परंतु जिना चढताना लागणारी धाप आता कायमची आहे.

त्यानंतर मात्र दोन्ही घरांतील मुलांची तपासणी झाली. शिक्षकाच्या मुलीचे एलडीएल १९८, मुलाचे ९६. बहिणीच्या मुलाचे २०५. यातून एक वेगळाच पेच उभा राहिला, कारण मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत त्या भागात असल्याने या मुलीचे व बहिणीच्या मुलाचे लग्न लहानपणापासून गृहीत धरलेले होते. आईवडील दोघेही बाधित असतील तर प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून सदोष प्रत मिळण्याची शक्यता चारात एक असते, आणि अशा मुलाचे एलडीएल पुष्कळदा ४०० ते ५०० च्याही वर जाते. कोपर, गुडघे व ढुंगणावर पिवळ्या गाठी उठतात, महारोहिणीची झडप अरुंद होते, आणि झटका शाळकरी वयातही येऊ शकतो. नेहमीची औषधे त्याला फारशी लागू पडत नाहीत व एलडीएल यंत्राने रक्तातून गाळून काढावे लागते. हे समजल्यावर बोलणी थांबली, आणि गावात सांगितले गेले की पत्रिका जुळली नाही. मुलीला पुढे स्थळे येणार नाहीत ही भीती खोटी नव्हती. परंतु खरे कारण झाकल्यामुळे त्याच भावकीतील आणखी तीन घरे अजून अंधारात आहेत, आणि हा लपंडाव विकाराइतकाच घातक म्हटला पाहिजे. रोजच्या गोळीने आटोक्यात राहणारी स्थिती लग्नाच्या आड यावी असे तिच्यात काही नाही. बाधित नसलेल्या जोडीदाराशी झालेल्या लग्नात मुलांची वेळेवर तपासणी एवढीच काय ती जास्तीची जबाबदारी येते.

उपचाराचा पाया स्टॅटिन ही औषधे आहेत. जपानी संशोधक अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून यातील पहिले द्रव्य वेगळे केले. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती त्यामुळे मंदावते, आणि उणीव भरून काढण्यासाठी यकृत उरल्यासुरल्या चांगल्या जनुकाकडून अधिक रिसेप्टर तयार करून घेते. आटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन पुरेसे न पडल्यास एझेटिमाइब जोडतात, आणि तेही अपुरे ठरल्यास पीसीएसके९ या रिसेप्टर नष्ट करणाऱ्या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शने आहेत, जी महाग आहेत. मुलांना स्टॅटिन साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयापासून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देता येते. नेदरलँड्समध्ये बालपणी स्टॅटिन सुरू केलेल्या २१४ मुलांचा वीस वर्षे मागोवा घेतला गेला व त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले: एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी १ टक्क्याला हृदयरक्तवाहिन्यांचा विकार झाला, तर त्यांच्याच बाधित आईवडिलांत त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होते.

एवढे असूनही औषध बंद पडते ते बहुधा यश आल्यावर. शिक्षकाचे एलडीएल ८० वर उतरले, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ आले, कोणीतरी ‘गोळीची सवय लागते’ म्हणाले आणि गोळी सुटली. चार महिन्यांत आकडा पूर्ववत झाला. तो आकडा गोळीमुळे नॉर्मल असतो, गोळीची गरज संपली म्हणून नव्हे. स्नायू दुखू लागल्यास औषध परस्पर बंद न करता मात्रा किंवा प्रकार बदलून घ्यावा, आणि बाधित स्त्रीने मूल होऊ देण्याचे ठरवल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण गरोदरपणात स्टॅटिन सहसा थांबवतात.

ज्या घरात पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला साठच्या आत झटका आला आहे, तेथे त्या व्यक्तीचा झटक्यापूर्वीचा जुना रिपोर्ट शोधावा, कारण झटक्यानंतरच्या दिवसांत एलडीएल तात्पुरते उतरते व दवाखान्यातील आकडा फसवा ठरू शकतो. आईवडील, भावंडे आणि मुले यांची लिपिड प्रोफाइल ही तपासणी करून घ्यावी. तिला काहीशे रुपये लागतात आणि उपाशी राहणे बहुधा आवश्यक नसते. सोबत लायपोप्रोटीन (ए) ही आयुष्यात एकदा करायची तपासणीही करावी, कारण तोही घराण्यात उतरणारा वेगळा धोका आहे. जनुकीय चाचणी परवडल्यास उपयोगी पडते, परंतु तिच्यावाचून उपचार अडत नाहीत. ज्याचा आकडा वाढलेला निघेल त्याने रिपोर्टचा फोटो काढून रक्ताच्या प्रत्येक नातेवाइकाला पाठवावा, आणि पहिला फोन लग्न होऊन दुसऱ्या आडनावाच्या घरी गेलेल्या बहिणीला करावा.