टोमॅटोच्या मुळावरील गाठी आणि लिंबोळीचा अर्क



खोडवा मोडून बरेच जण टोमॅटो करतात. भर दुपारी झाड मान टाकते, पाने पिवळी पडतात. आपण पाणी वाढवतो, युरिया टाकतो. तसे न करता एक झाड उपटून पाहा. मुळावर गाठी असतील तर तो सूत्रकृमीचा उपद्रव समजावा. हरभऱ्याच्या मुळावरची गाठ बोटाने सुटते. ही सुटत नाही, कारण मूळच सुजलेले असते. हे सूत्रकृमी उसाच्या मुळातही राहतात, तेव्हा उसामागे रान स्वच्छ आहे असे धरू नका.

एक मादी शेकडो अंडी घालते. पिल्ले एकदा मुळात शिरली की अर्काचा फारसा उपयोग नाही. ती मातीत असतानाच गाठायची. म्हणून उपाय रोपाच्या वाफ्यापासूनच करावा.

५ किलो वाळक्या लिंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्यातून गाळून एकूण १०० लिटर द्रावण करा. ते वाफ्यात व लावणीवेळी रोपाच्या बुडाशी ओता. रानात लिंबोळी पेंड मिसळा, ओळींमधून झेंडू लावा. पीक निघाल्यावर गाठीची मुळे बांधावर न टाकता जाळून टाका.

विकतचे रोप घेताना आधी मूळ पाहा, मगच पैसे द्या.