खरकट्यावर पेटणारी शेगडी

रात्रीची जेवणे झाली की आपल्या घरात काय काय उरते? ताटातला भात, पोळीचे तुकडे, आंबलेली आमटी. सकाळी त्यात भाजीची देठे पडतात, केळ्याच्या साली पडतात. हे सारे आपण उकिरड्यावर टाकतो. तिथे घाण सुटते, माशा होतात. पण हेच खरकटे हवा लागू न देता कुजवले तर त्यातून जळणारा वायू निघतो. त्याला मिथेन म्हणतात. तो धरून ठेवला तर त्यावर चहा होतो, भात शिजतो. आमच्या परसात अशी टाकी आहे, म्हणून ऐकीव काही सांगत नाही.

गोबरगॅस तुम्ही पाहिला असेल. जशभाई पटेल यांनी १९५१ साली त्याचा एक नमुना तयार केला. पुढे खादी ग्रामोद्योगाने तो खेडोपाडी नेला. पण त्याला चार-पाच जनावरे लागतात, रोज चाळीस-पन्नास किलो शेण लागते आणि खड्ड्याला जागा लागते. ज्याच्या दारात एक शेळीसुद्धा नाही त्याने काय करावे?

पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे आणि त्यांची 'आरती' ही संस्था यांनी २००३ च्या सुमारास यावर तोड काढली. विचार साधा आहे. गाईने चारा खाल्ला, त्यातला कस तिने आपल्या अंगी लावला, आणि उरले ते शेण. म्हणजे शेण हे एकदा पचलेले अन्न! भात, पीठ, पोळी यांत सगळा कस शिल्लक असतो. म्हणून शेणाच्या मानाने थोडक्या खरकट्यात काम भागते, आणि टाकीही लहान पुरते. या कामाबद्दल २००६ साली संस्थेला लंडनचे अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले.

आता टाकी कशी ते पाहू. पाणी साठवायच्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या घ्यायच्या. एक हजार लिटरची, दुसरी साडेसातशेची. दोन्हींची वरची तोंडे कापून टाकायची. मोठी उभी ठेवायची, लहान तिच्यात पालथी घालायची. वायू साठला की पालथी टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. किती वायू शिल्लक आहे हे त्यावरून अडाण्यालाही कळते. खरकटे घालायला मोठ्या टाकीच्या तळापर्यंत जाणारी एक नळी, जास्तीचे पाणी बाहेर पडायला वरच्या बाजूला दुसरी नळी, आणि पालथ्या टाकीच्या माथ्यावर वायूची तोटी. झाले.

जागा चार फूट लांब, चार फूट रुंद पुरते. मात्र ऊन यावे. थंडीत वायू कमी होतो. गच्चीवर ठेवणाऱ्यांनी इथे थांबून हिशेब करावा. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो, शंभर किलोची दहा पोती एकाच जागी! सज्जात तर ही टाकी कधीच ठेवू नये. गच्चीवर ठेवायची तर आधी जाणत्या इंजिनियरला दाखवावे.

सुरुवातीला मात्र शेण हवेच. वीसएक किलो ताजे शेण पाण्यात कालवून टाकी भरायची. वायू करणारे सूक्ष्म जीव त्या शेणातून येतात. पहिले एक-दोन वेळा जमलेला वायू पेटवू नये, उघड्यावर सोडून द्यावा. त्यात हवा मिसळलेली असते. ठिणगी पडली तर भडका उडेल. पुढे वायू शेगडीवर नीट जळू लागला की मूठभर खरकट्याने आरंभ करावा, आणि हळूहळू दिवसाला दोन किलोपर्यंत जावे. खरकटे वाटून, पाण्यात कालवून घालावे. हाडे, अंड्याची टरफले, नारळाच्या शेंड्या घालू नयेत.

इथेच आम्ही चुकलो. टाकी महिन्याची झाली होती. शेजारी मुंज झाली, भात उरला. फुकटचे अन्न वाया का घालवा, म्हणून आम्ही दोन बादल्या भात एकदम ओतला. दुसऱ्या दिवशी टाकी टम्म फुगली. आम्ही खूश! पण काडी लावली तर पेटेना, आणि आंबूस वास सगळ्या आळीत. घरातून आवाज आला, "अहो, तान्ह्या पोराला पंक्तीला बसवलंत, दुसरं काय होणार?"

अगदी बरोबर होते ते. टाकीत दोन जातींचे जीव असतात. पहिले अन्न आंबवतात, ते चपळ. दुसरे त्या आंबटाचा मिथेन करतात, ते संथ. एकदम अन्न पडले की आंबट साचते आणि दुसरे जीव मंदावतात. मग फुगलेल्या टाकीत नुसता न जळणारा वायू राहतो. आम्ही दहा-बारा दिवस खरकटे बंद ठेवले, थोडी चुन्याची निवळी घातली, दोन बादल्या शेणकाला ओतला. आळीतल्या लोकांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. मग ज्योत पुन्हा निळी झाली.

दोन किलो खरकट्यावर आमची शेगडी रोज तासभराच्या आसपास चालते. सिलिंडर त्याने सुटला नाही, पण जास्त दिवस पुरतो. शेगडी या वायूसाठी केलेलीच घ्यावी. सिलिंडरच्या शेगडीचे भोक बारीक पडते. वायूच्या नळीला उतार टाकीकडे द्यावा, नाही तर आत पाणी साचून ज्योत फडफडते. टाकीपाशी विडीकाडी ओढू नये. वायू पेटतो का हे शेगडीवरच पाहावे, तोटीपाशी कधीच नाही. दोन टाक्यांमधल्या फटीत डास होतात, तिथे जाळी बांधावी.

बाहेर पडणारे पाणी आम्ही तोंडलीच्या वेलाला घालतो. त्यातलेच थोडे दुसऱ्या दिवशीचे खरकटे कालवायला ठेवतो, म्हणजे नवे पाणी फार लागत नाही.