गाडी घेण्याआधी गाड्या सांभाळायला शिका

बारावीचा निकाल लागला की वाशिम, रिसोड, कारंज्याच्या कितीतरी घरांत एक मागणी होते : "बाबा, मला पिकअप घेऊन द्या." डाउन पेमेंटपुरते पैसे सोयाबीन विकून उभे राहतात, उरलेल्यासाठी फायनान्सवाले तयारच असतात. आईबाबांच्या डोळ्यांपुढे मात्र दोनच शक्यता असतात. पोरगं जन्मभर ड्रायव्हर राहील, नाहीतर हप्ते भरता भरता वावर गहाण पडेल.

या दोन्हींच्या मधलं एक काम आहे आणि त्याकडे आपलं लक्ष जात नाही. ते म्हणजे एखाद्या व्यवसायाच्या दहा-वीस गाड्यांचा कारभार पाहणं. मोठ्या कंपन्यांत अशा माणसाला फ्लीट मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे ट्रान्सपोर्ट सुपरवायझर किंवा नुसतं 'गाड्या पाहणारा'.

वाशिममध्ये हे काम आहे का?

आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा कारखान्यांसाठी ओळखला जात नाही, पण इथे माल सतत फिरतो. पेरणीच्या तोंडावर बियाणं आणि खत कृषी सेवा केंद्रांकडे जातं, दसरा-दिवाळीत सोयाबीनचे कट्टे बाजार समितीकडे येतात, त्यामागून तूर. किराणा, औषधं, गॅस सिलिंडर, दूध आणि कुरिअर तर बारमाही. अकोला-नांदेड महामार्ग वाशिम शहरावरून जातो. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 पासून पूर्ण खुला झाला आहे. वितरक, शाळा, दूध संकलन, कुरिअर असा कोणताही धंदा घ्या, गाड्या चारच्या आठ झाल्या की मालकाला एकट्याने त्या पाहणं जमत नाही.

मालक पगार का देईल?

साधा हिशेब करू. समजा एका वितरकाच्या दहा गाड्या रोज 100 किलोमीटर धावतात आणि महिन्यात 25 दिवस चालतात. म्हणजे महिन्याला 25,000 किलोमीटर. गाडी लिटरला 12 किलोमीटर देत असेल तर सुमारे 2,083 लिटर डिझेल लागेल. 14 देत असेल तर 1,786 लिटर. फरक जवळपास 300 लिटरचा. डिझेल 90 रुपये धरलं तरी महिन्याला सुमारे 27 हजार रुपये वाचतात.

हे दोन किलोमीटर वाढतात ते टायरमधली हवा, वेळेवर बदललेलं ऑइल आणि एअर फिल्टर, नीट आखलेला रस्ता, उभ्या गाडीचं बंद ठेवलेलं इंजिन आणि डिझेलवर ठेवलेली नजर यांतून. गाड्या पाहणाऱ्याचा पगार इथूनच निघतो. मुलाखतीला जाताना हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडता आला पाहिजे.

दुसरी बचत उभ्या गाडीची. गाडी बंद पडली की भाडं बुडतं, ड्रायव्हरचा दिवस वाया जातो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. समृद्धीसारख्या लांबलचक काँक्रीट रस्त्यावर घासलेला टायर जिवावरही बेतू शकतो. म्हणून गाडी निघण्याआधी टायर, ब्रेक, दिवे आणि कागद पाहणं हे रोजचं पहिलं काम.

एसटीचं आगार पाहा

गाड्यांचा कारभार म्हणजे काय, हे पाहायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एसटीची पहिली बस धावली. आज वाशिम, रिसोड, मंगरूळपीर आणि कारंजा इथे आगारं आहेत. कोणती गाडी कोणत्या फेरीला, कोणता चालक कोणत्या ड्युटीवर, कोणती बस कार्यशाळेत, हे तिथे रोज ठरतं. इंधनाचा हिशेब एसटी दर 10 लिटरला किती किलोमीटर असा मांडते. खासगी धंद्यातही पद्धत हीच, फक्त बसच्या जागी पिकअप. आयटीआय झालेल्यांना एसटीच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून संधी मिळते, त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

कायदा तोंडपाठ हवा

परिवहन वाहन चालवायला किमान वय 20 वर्षं लागतं. लायसन नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकही दोषी ठरतो. एकूण वजन 3,000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, पण फिटनेस, विमा आणि पीयूसी लागतातच. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. सोयाबीनच्या हंगामात "दहा कट्टे अजून टाका" म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवून नाही म्हणता आलं पाहिजे. त्याशिवाय ई-वे बिल, फास्टॅग आणि वाहन पोर्टल रोज हाताळावं लागतं.

शिकायचं काय?

दहावीनंतर आयटीआयचा मोटार मेकॅनिक हा दोन वर्षांचा कोर्स उत्तम पाया आहे. ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल पदविका केली तर पुढे एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षक होण्याचीही वाट उघडते. वाणिज्य शाखेच्या मुलांनी बी.कॉम. करता करता टॅली, एक्सेल आणि जीएसटी पक्कं करावं. या कामात हिशेब निम्मा असतो. पुण्यात भोसरीजवळ 1967 पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, तिथे वाहतूक व्यवस्थापनाचं प्रशिक्षण मिळतं. मुलींनी हे क्षेत्र पुरुषांचं समजून सोडू नये. नियोजन, कागदपत्रं, जीपीएसवर गाड्या पाहणं हे टेबलावरचं काम आहे.

पुस्तकात नसलेली गोष्ट म्हणजे माणसं सांभाळणं. वीस वर्षं गाडी चालवलेल्या ड्रायव्हरकाकांना बावीस वर्षांच्या पोराने हुकूम सोडला तर ते ऐकणार नाहीत. रात्रभर गाडी चालवलेल्याला सकाळी पुन्हा पाठवू नये, हेही गाड्या पाहणाऱ्यालाच कळलं पाहिजे. 2025 पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 मध्येही दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती.

पालकांनी काय करावं?

जिल्ह्यात सुरुवातीचा पगार बेताचाच असेल. पण अकोला, अमरावती, नागपूर, संभाजीनगरच्या कंपन्या अनुभव विचारतात आणि तो इथे मिळतो. मुलाला गाडीचं वेड असेल तर ते मोडू नका. त्याला एक वर्ष ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे किंवा एजन्सीत बसवा. प्रत्येक गाडीचं किलोमीटर, डिझेल, दुरुस्ती आणि रिकामी फेरी रोज वहीत लिहायला लावा. वर्षअखेरीस कोणती गाडी पैसे देते आणि कोणती खाते, हे त्याला वहीवरून सांगता आलं, तर स्वतःच्या गाडीसाठी कर्ज काढायला हरकत नाही. सांगता आलं नाही, तर हप्ता सुरू करू नका.