गाडीतला बिनतारी संच आणि देशाची सीमा

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात ‘राज्याचे सार्वभौमत्व’ हा भाग शिकवत असता एका विद्यार्थिनीने मला प्रश्न विचारला, “सर, देशाची सीमा जमिनीवर असते, समुद्रात असते, आकाशातही असते. पण रेडिओच्या लहरी तर कोणालाच विचारत नाहीत. मग तिथे सार्वभौमत्व कसले?” प्रश्न मार्मिक होता. तास संपत आला होता, म्हणून मी तेव्हा थोडक्यात उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते हे मला त्याच वेळी जाणवले. या प्रश्नाशी माझा पुस्तकाबाहेरचाही संबंध आलेला आहे. त्या निमित्ताने हा लेख.

आमचे पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ सहकारी हौशी रेडिओचा छंद बाळगून होते. त्यांच्या नादाने मीही मोर्सचे टिकटिक शिकलो, सरकारी परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. हौशी रेडिओ म्हणजे आकाशवाणी ऐकणे नव्हे. स्वतःच्या संचावरून स्वतःच्या आवाजात दुसऱ्या परवानाधारकाशी बोलणे, प्रयोग करणे, अडीअडचणीला निरोप पोचवणे, असा हा छंद. त्यात पैसे मिळवायचे नाहीत, हा त्याचा पहिला नियम.

पंचवीसएक वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही सातजण दोन जीपगाड्या घेऊन नेपाळला निघालो. दोन्ही गाड्यांत आमच्या या सहकाऱ्यांनी बिनतारी संच बसवले होते. घाटात गाड्या मागेपुढे झाल्या तरी बोलता येई. गोरखपूरपर्यंत आमची ऐट काही विचारू नका! नौतनव्याहून सोनौलीच्या सीमेवर पोचलो. पलीकडे जकातीला ‘भन्सार’ म्हणतात. गाडीचा भन्सार भरला, कागद झाले. इतक्यात तेथील अधिकाऱ्याची नजर गाडीच्या टपावरील एरियलवर गेली.

मी मोठ्या रुबाबात आमचे परवाने पुढे केले. त्याने ते शांतपणे वाचले, परत दिले आणि हिंदीत म्हणाला, “मास्टरसाहब, यह तो आपकी सरकार ने दिया है. हमारी सरकार का कहाँ है?”

मला उत्तर सुचले नाही. राज्यशास्त्राचा अध्यापक मी, आणि सार्वभौमत्वाचा धडा मला त्या टेबलापाशी उभे राहून घ्यावा लागला. वायरलेस संचाला काठमांडूची परवानगी लागते, ती आधी काढावी लागते, असे त्याने समजावून सांगितले. आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, “एरियल काढू, संच शिधासामानाच्या पोत्यात घालू, दुसऱ्या नाक्याने जाऊ.” सहकारी एकदम कडाडले, “अहो, आपण परवानाधारक आहोत, चोर नव्हे!” आम्ही माघारी वळलो आणि नौतनव्याला ज्या लॉजवर उतरलो होतो, त्याच्या मालकाकडे दोन्ही संच ठेवून पुन्हा सीमा ओलांडली. पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी त्या अधिकाऱ्याच्या प्रश्नाचा विचार करू.

लहर आणि यंत्र

लहर सीमा मानत नाही हे खरेच. पण लहर उत्पन्न करणारे यंत्र कोठे तरी जमिनीवर असते, आणि त्या जमिनीवर कोणाचे तरी राज्य असते. आंतरराष्ट्रीय कायद्याने नेमके हेच सूत्र धरले आहे. बर्लिन येथे १९०६ साली बिनतारी संदेशवहनाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेने निरनिराळ्या कामांसाठी लहरींचे पट्टे वाटून दिले. त्यात हौशी लोकांनाही वाटा मिळाला. आज हे काम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ पाहतो. त्याच्या नियमावलीतले एक कलम असे की, ज्या देशात प्रक्षेपक उभा आहे त्या देशाच्या सरकारच्या परवान्यावाचून खाजगी व्यक्तीने तो चालवू नये. प्रत्येक देशाला ओळखचिन्हांची आद्याक्षरेही ठरवून दिली आहेत. आपल्याकडील हौशी केंद्राचे चिन्ह सहसा ‘व्हीयू’ने सुरू होते, फ्रान्सचे ‘एफ’ने, जर्मनीचे ‘डीएल’सारख्या अक्षरांनी. ऐकणाऱ्याला आवाज कोणत्या भूमीवरून येतो हे तत्काळ कळावे, हा हेतू.

मग असा परवानाधारक गाडीत बसून सीमा ओलांडतो तेव्हा काय होते? माझ्या मते तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. लोक त्यांची गल्लत करतात आणि तिथेच फसतात.

पहिला प्रश्न माणसाचा: याला येथे बोलण्याचा अधिकार आहे काय? दुसरा लहरीचा: ज्या वारंवारतेवर हा बोलणार, ती येथे मोकळी आहे काय? तिसरा वस्तूचा: हा संच माल म्हणून देशात येत आहे, त्याची जकात कोण भरणार आणि तो परत जाणार याची हमी काय?

युरोपची वाट

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत सुटसुटीत उत्तर युरोपने शोधले. तेथे सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत दोन सीमा ओलांडतो. दर देशाचा परवाना आधी मागवायचा तर प्रवासच नको. युरोपातील टपाल व तार प्रशासनांची परिषद १९५९ साली स्थापन झाली होती. तिने १९८५ साली एक शिफारस संमत केली. ती मानणाऱ्या देशांतील हौशी परवानाधारकाला दुसऱ्या सदस्य देशात अल्प मुदतीच्या भेटीत, म्हणजे जास्तीत जास्त तीन महिने, वेगळा परवाना न काढता संच चालवता येतो. पुढे युरोपबाहेरच्या देशांनाही या व्यवस्थेत येण्याची मुभा मिळाली. अमेरिका व कॅनडा त्यात आले. भारत मात्र या व्यवस्थेत नाही.

यातली गंमत ओळखचिन्हाची आहे. जर्मन माणूस गाडी घेऊन फ्रान्समध्ये शिरला की त्याने स्वतःच्या चिन्हाआधी ‘एफ’ आणि तिरकी रेघ लावायची. गाडीतून बोलत असल्यास शेवटी पुन्हा रेघ आणि ‘एम’. स्पेनमध्ये शिरला की ‘एफ’ जाऊन ‘ईए’ आले. रस्त्यावर सीमा दाखवणारी पाटी मागे पडते न पडते तोच माणसाचे आकाशातले नाव बदलते! सासरी गेलेल्या मुलीचे माहेरचे नाव टिकावे आणि त्याआधी सासरचे लागावे, तसा हा प्रकार.

मात्र ही सवलत सरसकट नाही. परवान्याचा कागद जवळ हवा आणि नियम यजमान देशाचे पाळायचे. शिवाय ही शिफारस स्पष्ट सांगते की, तिचा संबंध संच वापरण्याशी आहे. संचाच्या आयातनिर्यातीला जकातीचे नियमच लागू राहतील. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून तिसरा सुटत नाही.

उत्तर व दक्षिण अमेरिकेतील देशांनी असाच एक करार १९९५ साली हैती देशात केला. अमेरिका व कॅनडा यांचा आपसातला करार तर त्याहून जुना, १९५१ साली सह्या झालेला.

लहरीचे कुंपण

दुसरा प्रश्न अधिक फसवा आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. दूरसंचार संघाने जगाचे तीन विभाग केले आहेत. युरोप व आफ्रिका पहिल्यात, दोन्ही अमेरिका दुसऱ्यात, आपण तिसऱ्यात. हौशी लोकांचा एक लोकप्रिय पट्टा अमेरिकेत १४४ ते १४८ मेगॅहर्ट्झ असा आहे. युरोपात तो १४६ लाच संपतो. अमेरिकेतला माणूस आपला संच युरोपात घेऊन गेला आणि सवयीने १४७ वर बोलला, तर तो दुसऱ्याच कोणाच्या शेतात शिरला! यंत्र तेच, माणूस तोच, बटणही तेच. फक्त खालची जमीन बदलली.

ज्यांना परवाना लागत नाही अशा साध्या हातातल्या संचांत हा धोका जास्त. अमेरिकेत सहलीला जाणारी कुटुंबे ४६२ व ४६७ मेगॅहर्ट्झच्या आसपासचे वॉकीटॉकी दुकानातून घेतात. युरोपात अशा वापरासाठी ४४६ मेगॅहर्ट्झचा पट्टा आहे. एका ठिकाणचे खेळणे दुसऱ्या ठिकाणी गुन्हा ठरू शकते. ट्रकचालकांचा आवडता सत्तावीस मेगॅहर्ट्झचा संच घ्या. अमेरिकेत तो १९५८ पासून चालू आहे. ब्रिटनमध्ये तो कायदेशीर व्हायला १९८१ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

तिसरा प्रश्न निव्वळ कागदाचा. मोटार काही काळापुरती परदेशी नेऊन परत आणायची तर ‘कार्नेट’ नावाची हमीपुस्तिका लागते. ती मोटार संघटना देतात. पण तीत गाडी लिहिलेली असते. गाडीला नंतर स्क्रूने बसवलेला संच गाडीचा भाग मानायचा की वेगळा माल, हे नाक्यावरचा अधिकारी ठरवतो. म्हणून संचाचा क्रमांक, बनावट आणि किंमत यांची यादी सोबत ठेवावी. तसेच परदेशी बनावटीचा संच देशाबाहेर नेताना आपल्याच जकात अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा. नाहीतर परतताना स्वतःच्याच वस्तूवर जकात भरण्याची पाळी येते.

भीतीचे मूळ

आता कोणी म्हणेल, सरकारे या यंत्राला एवढी का भितात? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९३३ च्या कायद्याने आपल्याकडे परवान्यावाचून बिनतारी संच नुसता जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. १९४२ साली उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा पोलिसांना चुकवण्यासाठी प्रक्षेपक या घरातून त्या घरात हलवावा लागे. नोव्हेंबरात त्यांना अटक झाली.

गोव्याचे उदाहरण आमच्या विषयाला आणखी जवळचे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी १९५५ च्या नोव्हेंबरात आंबोलीच्या रानातून गोवा मुक्तीचे नभोवाणी केंद्र सुरू केले. प्रक्षेपक एका ट्रकात बसवलेला होता. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूस गेले आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत बोलत राहिले. ट्रकने सीमा ओलांडली नाही; आवाजाने ओलांडली. पोर्तुगीज सत्तेला तो ट्रक काही सीमेवर अडवता आला नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या ट्रकात आहे. लहर अडवता येत नाही, म्हणूनच राज्य यंत्राला अडवते.

भीतीला दुसरी बाजूही आहे. २००८ साली मुंबईवर समुद्रमार्गे आलेल्या हल्लेखोरांजवळ उपग्रह फोन होता. आज आपल्या देशात परवानगीवाचून उपग्रह फोन आणणारा परदेशी प्रवासी विमानतळावर ताब्यात घेतला जाऊ शकतो, मग तो गिर्यारोहक का असेना. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला, त्यातही अनुमतीचे तत्त्व कायम आहे. आपण ज्यांना स्वातंत्र्यवीर म्हणतो आणि ज्यांना दहशतवादी म्हणतो, त्या दोघांच्याही हाती यंत्र एकाच जातीचे असते. यंत्राला हेतू नसतो. आणि नाक्यावरच्या माणसाला हेतू दिसत नाही, कागद दिसतो.

त्या रात्री

आता राहिलेली हकीकत. बुटवल सोडून पोखऱ्याच्या डोंगरी रस्त्याला लागलो आणि संध्याकाळी पाऊस सुरू झाला. आमची जीप पुढे गेली आणि मागे दरड कोसळली. दुसरी जीप दरडीच्या पलीकडे राहिली, की खाली सापडली, हे कळायला मार्ग नव्हता. तीत ते सहकारी होते. त्यांना दम्याचा विकार, आणि औषधाची पिशवी आमच्या गाडीत. आम्ही चौघे रात्रभर एका चहाच्या टपरीत बसून होतो. कोणी बोलले नाही, पण प्रत्येकाच्या मनात नौतनव्याला ठेवलेले संच होते. सकाळी दरडीवरून पायी पलीकडे गेलो, तेव्हा ते घोंगडी पांघरून, धापा टाकत, पण सुखरूप बसलेले दिसले. मला पाहताच म्हणाले, “काल तुम्हांला पंधरा वेळा हाक मारली असेल. सवयीने हात माइककडे जायचा.”

मी म्हणालो, “सर, संच पोत्यात घालून आणले असते तर?”

ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “तर बरे झाले असते. आणि तरीही चूकच झाली असती.”

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. कायदा आणि गरज यांच्यात असा पेच पडतो तेव्हा वाट चुकवणे हे उत्तर नव्हे. कायदा सुधारणे हे उत्तर. जगाने तसा प्रयत्न केलाही आहे. फिनलंडमधील टाम्पेरे येथे १९९८ साली एक करार झाला आणि तो २००५ च्या जानेवारीत अमलात आला. आपत्तीच्या वेळी मदत पथकांची संदेशवहन यंत्रे सीमेवर परवान्यासाठी आणि जकातीसाठी अडकून पडू नयेत, असा त्याचा उद्देश आहे. अधिकार राष्ट्राचाच राहतो. मदत मागायची की नाही हे तेच ठरवते. पण अडथळे आधीच दूर करून ठेवायचे, म्हणजे दरड कोसळल्यावर अर्ज लिहीत बसावे लागत नाही.

आम्हांलाही अर्ज आधी करता आला असता. तो केला नाही, हा दोष सर्वस्वी आमचा. सोनौलीच्या त्या अधिकाऱ्याने आपले काम केले, आणि सौजन्याने केले. परतीच्या वाटेवर लॉजच्या मालकाने दोन्ही संच जसेच्या तसे काढून दिले. सहकाऱ्यांनी तेथेच गाडीत संच जोडला, बटण दाबले आणि आपले ‘व्हीयू’ने सुरू होणारे चिन्ह उच्चारले. आपल्या भूमीवर आपल्या नावाने बोलण्याचा अधिकार म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. आणि दुसऱ्याच्या भूमीवर बोलण्याआधी विचारावे लागते, हेही.