थंडीनं पानं करपली, म्हणजे झाड मेलं का?

परसबाग पाठ

सख्यांनो, कडाक्याची थंडी सरत आली की परसबागेत एक चित्र हमखास दिसतं. एरवी हिरवागार असणारा कढीपत्ता तपकिरी पडतो, लिंबाच्या पानांच्या कडा करपतात, जास्वंदीचे शेंडे काळे होतात. मग कुणी झाड उपटतं, कुणी दुकानातून औषध आणतं, कुणी मूठभर युरिया टाकतं. जिवंत झाड उपटलं तर दोन-तीन वर्षांची मेहनत जाते. दुखणं मुळाचं असेल तर पानावर मारलेल्या औषधाचे पैसे वाया जातात. म्हणून आधी निदान, मग उपाय.

पान का करपतं?

गार मातीत मुळं सुस्तावतात, पाणी कमी ओढतात. वर मात्र कोरडा वारा आणि दुपारचं ऊन पानातलं पाणी उडवत राहतं. आवक कमी, जावक जास्त. गटाच्या वहीत तोटा दिसावा तसंच! पानाच्या कडेपर्यंत पाणी पोहोचत नाही, म्हणून कड आधी वाळते. निफाडसारख्या भागात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली गेला आहे. अशा थंडीत कोवळे शेंडे काळे पडून लोंबतात.

झाड काय सांगतं?

१. वाऱ्याच्या बाजूची आणि शेंड्याची पानं करपली, भिंतीच्या आडोशाची चांगली आहेत: हा थंडीचा मार.

२. कढीपत्त्याची जुनी पानं पिवळी होऊन गळतात, पण फांदी हिरवी आहे: झाड थंडीत विसावलंय. काळजी नको.

३. माती ओली असूनही सगळं झाड मलूल, बुंध्याची साल मऊ, मातीला कुजका वास: मूळकूज. पाणी थांबवा, साचलेल्या पाण्याला वाट काढा.

४. पानावर बारीक फिकट ठिपके, मागे जाळी: पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर तो कोळी आहे. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरात फवारा मारा.

५. सगळ्या पानांची टोकं सारखीच जळालेली, मातीवर पांढरा थर: खत किंवा पाण्यातले क्षार जास्त झालेत. खत बंद करा.

नखाची परीक्षा

शेंड्याजवळ साल नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर वीतभर खाली येऊन पुन्हा खरवडा. जिथं हिरवं लागेल तिथपर्यंत झाड जिवंत आहे. पार बुंध्यापर्यंत हिरवं लागलं नाही, तरी महिनाभर थांबा. कढीपत्ता आणि जास्वंद बुडातून पुन्हा फुटू शकतात.

आता काय करायचं?

थंडी 'शिव शिव' करत महाशिवरात्रीला जाते म्हणतात. तोवर कात्री लावू नका. आधी छाटलं तर कोवळी फूट येते आणि परत थंडी आली की तीच करपते. नवे डोळे फुगू लागले की वाळलेला भाग हिरव्याच्या किंचित खाली कापा.

जाड फांदी कापली तर जखमेला बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, धातूचं नको. पेस्ट त्याच दिवशी वापरा, मुलांपासून दूर ठेवा, हात धुवा.

शेणखत किंवा गांडूळखत नवी पालवी दिसल्यावरच द्या. सुस्त मुळांना खताचा उपयोग होत नाही.

पुढच्या थंडीआधी

बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करा. थंडीच्या लाटेत विहिरीचं पाणी संध्याकाळी थोडं द्या. ओली माती ऊब धरते. लहान रोपांवर रात्री जुनी साडी किंवा गोणपाट टाका, सकाळी ऊन आलं की काढा.

बैठकीत करून पाहू

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरच्या झाडाची एक करपलेली डहाळी आणावी. डहाळी झाडाच्या कोणत्या बाजूची, माती ओली होती की कोरडी, पानाच्या मागे काय दिसतं आणि नख लावल्यावर काय रंग निघाला, हे सगळ्यांसमोर सांगावं. मग गटानं मिळून ठरवावं: थांबायचं, छाटायचं की पाणी बंद करायचं? कृषी सखीताई असतील तर त्यांनाही डहाळ्या दाखवा. जे ठरेल ते वहीत लिहा आणि होळीनंतर त्याच झाडापाशी जाऊन पडताळून बघा.